मल्लखांबावरचं छप्पर

निंबखोरे गावात हैबतराव नावाचा पाटील राहत होता. मनानं चांगला, हातानं सढळ, पण त्याला एक खोड होती. चांगली वस्तू हाती आली की तो ती वापरत नसे, जपून ठेवत असे. लग्नातला भरजरी शेला त्यानं इतका जपला की शेवटी तो कसरीनंच खाल्ला.

त्या राज्याच्या राजाला एकदा काळजी लागली. लहान शाळांतली मुलं दिवसभर मांडी घालून पाढे म्हणायची आणि संध्याकाळी म्हाताऱ्यांसारखी गुडघ्यावर हात टेकून उठायची. राजा प्रधानाला म्हणाला, "डोकी भरतायत, पण ती पेलणारे खांदे कुठं आहेत?" मग त्यानं खजिन्यातून गावोगावच्या शाळांना वर्षासन बांधून दिलं. दरवर्षी मिळणारा हा पैसा फक्त मुलांच्या खेळावर आणि व्यायामावर खर्च करायचा, एवढीच त्याची अट होती.

निंबखोऱ्याच्या शाळेत विसाजीपंत नावाचे पंतोजी शिकवत. पहिला पैसा येताच त्यांनी मल्लखांब करवून घेतला. अस्सल सागाचा, हात लावला तर सुळकन घसरेल असा गुळगुळीत! तो मैदानात उभा राहिला तेव्हा पोरं त्याच्याभोवती नाचली, आणि सगळ्यांत जास्त नाचली पाटलाची नात येसू.

मल्लखांब म्हटला की मारुती आला, आणि मारुती आला की पूजा आलीच. नारळ फुटला, शेंदूर लागला, रुईची माळ पडली. "आज पूजा झालीय," पाटील म्हणाला, "आजच्या दिवस कुणी पाय लावू नका. उद्या चढा."

उद्या नेमका शनिवार होता. बायका तेल वाहायला आल्या. परवा कुणाची तरी हरवलेली म्हैस सापडली आणि त्या भल्या माणसानं त्याचं सगळं श्रेय खांबाला दिलं. झालं, नवस सुरू झाले! एकदा पोरांनी खांबाला मिठी मारली तर अख्खं गाव ओरडलं, "देवाला पाय लावता काय रे?" पाटलाचा तो 'उद्या' काही उगवला नाही.

दुसऱ्या वर्षीचा पैसा आला. पाटलानं त्यातून खांबावर कौलारू छप्पर घातलं, कारण देव उन्हात कसा ठेवायचा? छपराच्या तुळईवर त्यानं सुताराकडून स्वतःचं नाव कोरून घेतलं. तिसऱ्या वर्षी खांबाभोवती कठडा आला आणि कठड्याशी पितळी घंटा टांगली गेली.

पंतोजी कळवळून म्हणाले, "पाटील, हा पैसा पोरांच्या हातापायांसाठी आहे हो."

"मग हात जोडू देत आणि पाया पडू देत," पाटील हसून म्हणाला. "हातपाय दोन्ही कामाला लागतील!"

गाव खो खो हसलं. पोरं मात्र होती तिथंच राहिली. शेजारच्या गावच्या जत्रेत ती पळण्याच्या शर्यतीत उतरली आणि अर्ध्या वाटेवर चिंचेखाली धापा टाकत बसली.

येसूला काही बसवेना. गावाबाहेर खळं होतं आणि खळ्याच्या मधोमध तिवडा, म्हणजे मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब. मळणी उरकली की त्याला कुणी विचारत नसे. तिनं आणि तिच्या सवंगड्यांनी त्याला एरंडेल चोळलं, आणि पंतोजींनी त्यांना चढायला शिकवलं. तिवडा बुटका होता, गाठीगाठींचा होता. तळहातांची सालटी निघाली, पण पोरं हटली नाहीत. येसूच्या मनात एकच इच्छा होती: खऱ्या मल्लखांबाच्या बोंडावर, म्हणजे अगदी शेंड्यावर, एकदा तरी पोचायचं. आजोबांना तसं विचारायची मात्र तिची छाती होत नव्हती.

अशात निरोप आला की राजा स्वतः शाळा बघायला येतोय. पाटलाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तोरणं लागली, सडे पडले. पोरांना न्हाऊमाखू घालून ओळीत बसवलं आणि बजावलं, "अजिबात हलायचं नाही. महाराजांना शिस्त दिसली पाहिजे."

राजा आला. त्यानं जोडे काढले, घंटा वाजवली, मनापासून हात जोडले. मग तो म्हणाला, "देऊळ छान आहे, पाटील. आता मल्लखांब दाखवा."

पाटील गोंधळला. "महाराज, हाच की तो."

"मग यावर चढतं कोण?"

पाटलानं मान खाली घातली. राजा रागावला नाही, पण त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "डोंगरापलीकडच्या गावात पोरं झाडाच्या फांद्यांना लोंबकळून व्यायाम करतात. त्यांच्याकडे खांब नाही. तुमचं वर्षासन आता त्यांना जाईल आणि हा खांबही जाईल. देवळं तुमच्याकडे आधीच पुष्कळ आहेत."

पाटलाचं तोंड काळवंडलं. पंतोजींचे डोळे भरून आले. तेवढ्यात ओळीतून येसू उठली.

"महाराज, मी चढते."

"पोरी, देवाला पाय लागेल!" गुरव ओरडला, आणि त्याच्यामागे सगळं गाव.

येसूनं आजोबांपुढे हात पसरले. "आजोबा, चढू?"

पाटलानं ते तळहात पाहिले. कोवळ्या हातांना नांगरधाऱ्यासारखे घट्टे पडले होते. "हे कुठं गं झालं?"

"खळ्यातल्या तिवड्यावर."

"त्या गाठाळ लाकडावर? इथं असा गुळगुळीत खांब असताना?"

"हा तुम्ही जपून ठेवला होता ना," येसू म्हणाली.

पाटलाला त्या बोलण्याचा फार चटका बसला. त्यानं कठड्याचं दार उघडलं, उपरणं काढलं आणि खांबाचा शेंदूर पुसायला लागला. लोक कुजबुजू लागले तसा तो गरजला, "मारुती लहानपणी कुणी बसवून ठेवला होता का रे? त्यानं तर सूर्यावर झेप घेतली होती! पोरांच्या पायानं त्याला राग यायचा नाही. आपण पोरं बसवून ठेवली, याचाच आला असेल."

गुरव पुढे आला. त्यानंच माळ उतरवून लिंबाच्या पारावर नेऊन ठेवली आणि येताना एरंडेलाची वाटी घेऊन आला.

येसूनं खांबाला नमस्कार केला, उडी मारली, पायांची पकड घेतली आणि सरसर वर गेली. पण बोंड हाताशी आलं आणि तिचं डोकं ठणकन तुळईवर आपटलं. वर छप्पर होतं. तुळईवर पाटलाचं नाव होतं. सगळं गाव पाटलाकडे बघायला लागलं.

"छप्पर उतरवा," पाटील म्हणाला.

"पण पाटील, तुमचं नाव..."

"नाव खाली आलं तरी चालेल. पोरगी वर गेली पाहिजे!"

मग काय विचारता! गडी वर चढले, कौलं निघाली, बायकांनी ती हातोहात खाली घेतली. राजासुद्धा बाह्या सारून रांगेत उभा राहिला. शेवटी तुळई खाली आली आणि मल्लखांबाला पुन्हा मोकळं आभाळ मिळालं.

येसू चढली. बोंडावर पोट टेकून तिनं हातपाय चारी दिशांना पसरले आणि तशीच तरंगत राहिली. खाली पाटील लहान पोरासारखा टाळ्या वाजवत होता आणि डोळ्यांतलं पाणीही पुसत नव्हता. ती उतरताच तिच्या सवंगड्यांनी एकामागून एक खांबावर उड्या घेतल्या. कुणी उलटं लटकलं, कुणी अधांतरी मांडी घातली. असा जल्लोष त्या गावानं कधी ऐकला नव्हता.

राजा हसत म्हणाला, "खांब इथंच राहील आणि वर्षासनही चालू राहील. डोंगरापलीकडच्या पोरांना मी नवा खांब देईन. पैसा कमी पडलाच, तर आधी माझ्या महालाचं छप्पर उतरवीन."

ती पितळी घंटा आता रोज संध्याकाळी वाजते आणि पोरं मैदानाकडे धूम ठोकतात. तुळई मैदानात आडवी ठेवली आहे, सगळ्यांत धाकटी पोरं तोल सांभाळत तिच्यावरून चालतात. त्यांच्या पायांनी पाटलाचं नाव पार झिजून गेलं. पाटील पाहुण्यांना हाताला धरून तिथं नेतो आणि ती झिजलेली जागा मोठ्या अभिमानानं दाखवतो.

तात्पर्य: मुलांच्या खेळासाठी दिलेलं धन मुलांच्या हातापायांनी झिजलं, तरच ते सत्कारणी लागलं, नुसतं मिरवलं किंवा जपून ठेवलं, तर ते वाया गेलं.