कडू पाण्याचा निवाडा

एका राज्यात नवऱ्याच्या मनात संशय आला, की पुरावा लागत नसे. बायकोनं कडू पाणी प्यायचं. दोषी असली तर पोट फुगून मरायचं, नसली तर घरी जाऊन पुन्हा चूल पेटवायची. एका मांत्रिकानं शिळेवर कोरून शापानं बांधलेला तो कायदा. राजेही त्यातून सुटले नव्हते.

राजा धवलकीर्ती बारा महिन्यांनी लढाईवरून परतला, तो राणी इंदुलेखेच्या महालात दोन ताटं उष्टी. राणी रोज त्याचंही ताट वाढायची, वाट बघायची, आणि अन्न वाया नको म्हणून तेही आपणच जेवायची. तिनं तसं सांगितलं. राजाला पटलं नाही. खरं तर सांगताना तिलाही ते जरा वेडगळच वाटलं.

निवाडा ठरला. देवळाच्या पुजाऱ्यानं आरोपाची खूण म्हणून तिचे केस मोकळे सोडले आणि कडू पाणी तयार करायला तीन कामं नेमून दिली.

पहिलं, नागांच्या तळ्यातलं पाणी. नागांनी ते मोकळे केस पाहिले आणि मुकाट्यानं वाट दिली.

दुसरं, त्या पाण्यात मिसळायला देवळातल्या फरशीची धूळ. ती वेचताना वळचणीची साळुंकी म्हणाली, "राणीसाहेब, हे पाणी खोट्यालाच बाधतं. तुम्ही का घाबरता?"

"मनातल्या मनात त्यांच्यावर रागावले होते गं. तेही पाप धरलं तर?"

"मग या राज्यात एकही बाई उरली नसती."

तिसरं, राजानं ताडपत्रावर लिहिलेला संशय त्या पाण्यात धुणं. राणीनं अक्षर ओळखलं. याच हातच्या एका ओळीसाठी ती वर्षभर झुरली होती. ओळ आली, ती ही. तरी धुवायला हात होईना.

शाई उतरली, पाणी काळं झालं. वाडगा ओठांशी नेत ती म्हणाली, "महाराज, पाण्याला विचारताय. एकदा मला विचारा."

राजा तिच्याजवळ आला. मग म्हणाला, "कोण जेवत होतं?"

"मीच. तुमच्या वाटचं."

राजानं वाडगा तिच्या हातातून घेतला. पुजाऱ्यानं बजावलं, लिहिणाऱ्यानंच हे पाणी प्यायलं आणि लिहिलेलं खोटं असेल, तर मरण त्यालाच.

"खोटंच आहे. माझं आहे, मीच गिळतो."

आणि तो प्याला.

निवाड्याआधी नवऱ्यानं विश्वास ठेवला, असं त्या राज्यात प्रथमच घडलं. शाप तुटला. पाणी त्याच्या पोटात गोड झालं, तळ्यातल्या नागांची कमळं झाली, कायद्याची शिळा कोरी झाली.

राजानं हात पुढे केला. राणीनं तो लगेच धरला नाही. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. बारा महिन्यांचं बघणं साचलं होतं. ते पुरं झालं, तेव्हा दोघं घरी गेली. तशी वाट बघणाऱ्या सगळ्यांची माणसं घरी येवोत.