मधेच बसणारी चौकट

संगणकाचा पडदा पेटाऱ्याएवढा जाड असायचा, त्या काळची गोष्ट. एका धरणावरच्या संगणकात निरोपाची एक चौकट राहायची. निरोप आला की ती टुणकन पडद्याच्या बरोब्बर मधे उगवायची.

एके दुपारी पाणी भराभर चढलं. चौकट उगवून किंचाळली, "कालव्याचा दरवाजा उघडा! लवकर उघडा!"

कामावरच्या शशिकलाताई घाबरल्या. खाली गावात बाजार भरला होता. "अगं बाई, पण बटण कुठंय?" त्या चौकट बंद करायच्या, की ती पुन्हा हजर!

चौकटीखालून दबका आवाज आला. "बये, ऊठ माझ्या अंगावरून! दरवाजाचं बटण मीच आहे."

"मी महत्त्वाची. मी मधेच बसणार!"

पडद्यावर कोण कुठे दिसणार, हे संगणक चालवणारी आज्ञावली ठरवायची. तिचा पारा चढला. "निरोप द्यायला ठेवलंय तुला, मधे मधे करायला नाही! डावीकडून शून्य, वरून शून्य. हो कोपऱ्यात!"

चौकट कोपऱ्यात जाऊन आदळली. शशिकलाताईंनी झडप घालून बटण दाबलं. पाणी धडाडत कालव्यात वळलं, बाजार वाचला!

कोपऱ्यातून चौकटीला पहिल्यांदाच अख्खा पडदा दिसला. "अय्या," ती पुटपुटली, "मी ज्यासाठी ओरडत होते, ते हेच का बटण?"