तुरतुरीच्या रॉकेटची दोरी

बांधावर एक बीळ. बिळात एक चिचुंद्री. एवढीश्शी! नाव तिचं तुरतुरी. चालायची कशी? तुरु तुरु, तुरु तुरु!

तुरतुरीच्या मामानं एक खोका आणला. खोक्यात रॉकेट होतं. पण सुटं सुटं! ते आपण जोडायचं.

तुरतुरीनं नळी घेतली. नळीला पंख चिकटवले. एक, दोन, तीन. डिंकावर फुंकर घातली. फू फू, फू फू!

मग टोपी घेतली. तीही चिकटवणार, इतक्यात मामा ओरडला, "अगं थांब थांब! टोपी नाही चिकटवायची! रॉकेट वर गेलं की टोपी निघते. आतली छत्री बाहेर येते. मग रॉकेट हळूहळू खाली येतं."

"आणि छत्री नसली तर?"

"तर धाडकन! रॉकेटचे तुकडे!"

बाप रे! तुरतुरीनं छत्री घेतली. छान लाल छत्री. आता ती दोरीनं रॉकेटला बांधायची. पण दोरी कुठंय? इकडे नाही. तिकडे नाही. खोक्यात नाही. शेपटीखाली पण नाही!

मामा म्हणाला, "दोरी नाही तर उडवायचं नाही. आणि सूर्य बुडाला की मी निघालो गावाला."

तुरतुरीला रडूच आलं. तिनं वर पाहिलं. बाभळीवर सुगरणीचं घरटं. घरट्यातून काय लोंबतंय? दोरी!

तुरतुरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु!

"सुगरणकाकू, सुगरणकाकू, माझी दोरी दे ना!
दोरीवाचून छत्री नाही,
छत्रीवाचून रॉकेट नाही!"

सुगरणकाकू कामात होती. कामात असली की ती मान वर करत नाही. म्हणाली, "तुझी होय ही? मला वाटलं, वाऱ्यानं आणली. पण आता कशी देऊ? दोरी ओढली तर घरटं पडेल. घरट्यात माझी पिल्लं आहेत. गवताचं हिरवं पातं आण. ते गुंफते, मग दोरी देते."

तुरतुरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु!

"गवतभाऊ, गवतभाऊ, हिरवं पातं दे ना!
सुगरण दोरी देईना,
दोरीवाचून छत्री नाही,
छत्रीवाचून रॉकेट नाही!"

गवत म्हणालं, "कुठलं हिरवं? बघ ना, मी किती वाळलोय! हात लावलास की कटकन तुटेन. पाटाचं पाणी आण. पाणी पितो, मग पातं देतो."

तुरतुरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु!

"पाणोबा, पाणोबा, गवताकडे धाव ना!
गवत पातं देईना,
सुगरण दोरी देईना,
दोरीवाचून छत्री नाही,
छत्रीवाचून रॉकेट नाही!"

पाणी म्हणालं, "मी कधीचा निघालोय गं! पण पाटात म्हैस बसलीय. अशी ऐसपैस! जायला बोटभर जागा नाही. आधी तिला उठव, मग मी धावतो."

तुरतुरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु!

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, पाटातून ऊठ ना!
पाणी पुढे येईना,
गवत पातं देईना,
सुगरण दोरी देईना,
दोरीवाचून छत्री नाही,
छत्रीवाचून रॉकेट नाही!"

म्हैस म्हणाली, "हूं! उठायचं? मी? माझ्या कानात गोचीड शिरलीय. चावते मेली! गार पाण्यात बसलं की जरा बरं वाटतं. बगळ्याला बोलाव. तो गोचीड टिपेल, मग उठते."

तुरतुरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु! पाय दुखले. सूर्य खाली खाली निघाला. तरी तुरु तुरु!

"बगळेदादा, बगळेदादा, गोचीड टिपायला चल ना!
म्हैस जागची उठेना,
पाणी पुढे येईना,
गवत पातं देईना,
सुगरण दोरी देईना,
दोरीवाचून छत्री नाही,
छत्रीवाचून रॉकेट नाही!"

बगळा म्हणाला, "म्म्म्!"

"काय?"

"म्म्म्! म्म्म्!"

तुरतुरीनं नीट पाहिलं. अरेच्चा! बगळ्याची चोच बंद. घट्ट बंद! चोचीवर पिवळं पिवळं काहीतरी. तुरतुरीनं हुंगलं. डिंक! तिनं बिळाबाहेर डिंकाची वाटी उघडीच ठेवली होती. बगळ्याला वाटली खीर. बुडवली चोच!

तुरतुरीचे कान पडले. तिला फार फार वाईट वाटलं.

"बगळेदादा, झाकण मीच लावलं नाही. मीच सोडवते हं."

पण बगळ्याची चोच केवढी! तुरतुरी केवढी! अशी चोच तुरतुरीला एका घासात गट्टम करेल. तरी ती वर चढली. चिमुकल्या दातांनी डिंक कुरतडला. कुटु कुटु, कुटु कुटु!

टक्! चोच उघडली. आऽऽऽ! तुरतुरीनं डोळे गच्च मिटले.

"हुश्श!" बगळा म्हणाला. "सकाळपासून बोललो नव्हतो गं बाई! चल, कुठंय ती गोचीड?"

आणि मग काय विचारता!

बगळ्यानं गोचीड टिपली, टुच्च!
म्हैस पाटातून उठली, धप्प धप्प!
पाणी पुढे धावलं, खळ खळ!
गवत हिरवं झालं, सळ सळ!
सुगरणीनं पातं गुंफलं, सर्र सर्र!
आणि दोरी सोडली, सुळ्ळकन!

तुरतुरीनं दोरी झेलली. तिनं छत्री रॉकेटला बांधली. छत्रीची घडी केली. घडी नळीत घातली. टोपी ठेवली. फक्त ठेवली हं, चिकटवली नाही!

मामानं रॉकेटमध्ये पेटणारी कांडी घातली. ती मामाच घालणार. पिल्लांनी हात लावायचा नाही. मग मामा म्हणाला, "सगळे मागे! अजून मागे! म्हैसमावशी, तुम्ही जरा जास्तच मागे!"

तुरतुरीनं लांबून बटणावर पाय ठेवला. पाच, चार, तीन, दोन, एक...

सुऽऽऽर्र!

रॉकेट बाभळीच्या वर गेलं. ढगाकडे गेलं. एवढंसं झालं. एवढुस्सं झालं. दिसेनाच!

म्हैस रवंथ करायची थांबली. तुरतुरी टाचा उंचावून बघू लागली. टोपी निघेल ना? दोरी टिकेल ना?

पॉक!

लाल छत्री उघडली! रॉकेट डुलत डुलत खाली आलं. या बाजूला डुललं. त्या बाजूला डुललं. आणि अलगद टेकलं.

तुरतुरी धावली. तुरु तुरु, तुरु तुरु! एक पंख, दोन पंख, तीन पंख. सगळे जागच्या जागी! तिनं रॉकेटला मिठी मारली.

"माझं रॉकेट! मी केलेलं!"

सूर्य बुडत आला होता. मामा म्हणाला, "चला, निघतो मी."

कुणी हललंच नाही. सगळे मामाकडे बघत राहिले. घरट्यातून पिल्लं बघत होती. पाटातून पाणी बघत होतं. मग म्हैस हळूच म्हणाली, "पुन्हा?"

"पुन्हा! पुन्हा!" सगळे ओरडले.

मामा खुदकन हसला. "बरं बाबांनो. पण आणखी एकदाच हं!"

रॉकेट आलं खाली,
गोष्ट झोपायला गेली!