पळसटोल्याची मुकी दवंडी

ज्या काळी बातमी पायांनी चालत यायची आणि दवंडीच्या तोंडून बोलायची, त्या काळी पळसटोल्यात भागरथामाय नावाची एक बाई राहत होती. गावाभोवती सागाचं रान होतं, रानाखाली कोळसा होता, आणि कोळशावर गाव सुखानं नांदत होतं. भागरथामायचा नवरा गावचा कोतवाल. तो पटकीच्या साथीत गेला आणि त्याचं डफडं खुंटीला लटकत राहिलं. पंच म्हणाले, बाई कुठे दवंडी देते काय? तिनं डफडं खाली घेतलं, शेकोटीवर तापवलं आणि चावडीसमोर उभी राहून अशी दवंडी दिली, की पंचांच्या हातातला चहा सांडला.

तिचा आवाजच तसा होता. ती 'ऐका हो' म्हणाली की नदीपलीकडे चरणाऱ्या म्हशी माना वर करायच्या. एकदा रानाच्या वाटेवर वाघ आडवा आला. मायनं त्याला दवंडी ऐकवली आणि वाघ उलट्या पावली गेला, असं म्हणतात.

लोक तिला चिडवायचे. देवीची लस टोचायला माणूस आलाय, अशी दवंडी ती देत होती, तेव्हा कुणीतरी ओरडलं, "माय वो, जरा हळू! नदीपल्याडचे लोकही ऐकून येतीन, मंग सुई पुरणार नाई."

"येऊ दे," ती म्हणाली. "सुई पाहून तूच पहिला पळशीन, तुही जागा रिकामीच राहीन."

पण पळसटोल्याच्या दवंडीची एक रीत होती, आणि ही गोष्ट त्या रीतीवरच उभी आहे. डफडं वाजवायचं, सांगायचं ते सांगायचं, आणि मग थांबायचं. गावाच्या टोकाला चिन्नू मडावीचं घर होतं. त्या घरातून "ऐकलं!" अशी आरोळी येईपर्यंत दवंडीवाल्यानं जागचं हलायचं नाही. आरोळी आली नाही तर पुन्हा वाजवायचं. तिचा नवरा म्हणायचा, बोंबलणं अर्धीच दवंडी हाय, अर्धी दवंडी ऐकणं हाय. त्यांचा मुलगा सोमा बापाच्या बोटाला धरून हेच शिकत मोठा झाला.

पुढे सोमा कोळशाच्या खाणीत कामाला लागला. त्याची बायको कौतिका इतकी हळू बोलायची, की लोक म्हणत, सासूनं घरातला सारा आवाज संपवला, सुनेच्या वाट्याला उरलाच नाही.

एका फाल्गुनात, पळस ऐन पेटलेला असताना, खाणीत पाणी फुटलं. शेजारी एक जुनी, सोडून दिलेली खाण होती. तिच्यात वर्षानुवर्षं साचलेलं पाणी मधली भिंत फोडून आत शिरलं. बरेचजण पळत चानकाशी पोचले. चानक म्हणजे खाणीत उतरायची विहीर. पाळण्यात बसून ते वर आले. पण जे आत खोलवर होते, त्यांची वाट पाण्यानं बुडवली. त्यांच्यात सोमा होता.

खाणीचे साहेब देशकर म्हणून होते. त्यांनी पंप लावला. ते म्हणाले, आत चढाच्या बाजूला दोन बोगदे आहेत, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. त्यातल्या एकात माणसं चढून बसली असतील तर जिवंत असतील. पण हवा किती पुरणार? वरून भोक पाडून नळी सोडायला हवी. भोक पाडणारं यंत्र एकच, आणि चुकीच्या जागी पाडलं तर दुसऱ्यांदा पाडायला वेळ नाही.

भागरथामायनं हे ऐकलं आणि डफडं गळ्यात घातलं. साऱ्या मुलखात ती फिरली. "ऐका हो ऐका! पळसटोल्याची माणसं जमिनीखाली अडकली हो! त्याइले वाटू देऊ नका की आपण त्याइले इसरलो! या हो, वाजवत या!"

आणि लोक आले. काय सांगावं! सारा मुलूख आला. भजनी मंडळं टाळमृदंग घेऊन आली, चिन्नू मडावी आपल्या पाड्याचे ढोल घेऊन आला, दर्ग्यावरचे फकीर डफ घेऊन आले, तालुक्याचा बँड लग्न अर्धवट टाकून आला. त्यांच्या मागोमाग नवरा-नवरीही आली, असं म्हणतात. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा, चुलींवर भाकऱ्या, आणि खाणीवरच्या माळावर पाय ठेवायला जागा नाही. जो तो वाजवत होता. ज्याच्याकडे वाजवायला काही नव्हतं तो थाळी बडवत होता. खालच्यांना आपला आवाज पोचला पाहिजे, त्यांना धीर आला पाहिजे, एवढंच प्रत्येकाच्या मनात. एवढी माया त्या माळानं आधी कधी पाहिली नव्हती.

देशकर साहेबांनी जमिनीत ठिकठिकाणी लोखंडी पहारी ठोकल्या होत्या. खाणीतला माणूस अडकला की दगडानं छताला ठोकतो, आणि ते ठोके पहारीला कान लावला तर ऐकू येतात. साहेब एका पहारीवरून दुसरीवर जात होते. ऐकू येत होते ते ढोल.

त्यांनी हात जोडले. कुणाचं लक्ष नाही. पोलीस आले आणि "चूप! चूप!" असं ओरडत फिरले, तर तो एक नवाच गोंगाट झाला.

शेवटी साहेब भागरथामायसमोर येऊन उभे राहिले. त्यांचे डोळे जागरणानं लाल होते.

"माय, हे लोक तुमच्या शब्दावर आले. तुमच्याच शब्दावर थांबतील. मला शांतता हवी. आणि एक सांगतो, ऐकायचं तर पंपही बंद करावा लागेल. पंप बंद केला की खाली पाणी चढतं. जास्त वेळ नाही बंद ठेवता येणार. ऐकायला एकदाच मिळेल."

भागरथामायचा हात डफड्यावरच थांबला. रात्रंदिवस ती वाजवत होती, सांगत होती. रीतीची अर्धी बाजू ती विसरून गेली होती. पोराला तिनं दवंडी दिली होती, पण त्याच्या उत्तरासाठी ती थांबलीच नव्हती.

कौतिका शेजारीच होती. ती म्हणाली, "आत्याबाई, आपण चूप झालो तं त्याइले वाटन, सारे घरी गेले. आवाज बंद झाला म्हंजे आस सुटली. मंग ते कशासाठी ठोकतीन?"

हा धोका खरा होता. खालच्या अंधारात वरची धडधड हाच त्यांचा दिवस असेल. तो विझवायचा कसा? आणि विझवला नाही तर त्यांना शोधायचं कसं?

मग ती सुनेला म्हणाली, "पोरी, दवंडीवाल्याचा पोरगा हाये तो. डफडं थांबलं की काय करायचं, हे त्याले बापानं शिकवलं हाये. इसरला असन तं मी कोणाची माय नाई."

ती कोळशाच्या ढिगावर चढली आणि तिनं आयुष्यातली सर्वांत छोटी दवंडी दिली.

"ऐका हो ऐका! आतापावतर आपण सांगितलं. आता खालचे सांगतीन. ऐका!"

असं म्हणून तिनं कमरेचा विळा काढला आणि सगळ्यांच्या देखत नवऱ्याच्या डफड्याचं कातडं उभं चिरलं.

त्या एका आवाजानंतर जे झालं, ते ऐकायला कान नको, काळीज हवं. भजनकऱ्यांनी टाळ धोतरात गुंडाळले. बैलांच्या घंटा गवतानं बुजवल्या. चुलींवर पाणी ओतायचं तर चर्र आवाज होईल, म्हणून त्या मातीनं विझवल्या. माळभर सागाची वाळकी पानं पसरली होती आणि पाय पडला की पापडासारखी वाजत होती. बायांनी प्यायच्या पाण्याचे हंडे आणले आणि पानांवर हळूहळू शिंपडले. चिन्नू मडावीला जुना खोकला होता. तो तोंडावर घोंगडी दाबून पळत नदीवर गेला आणि नाकापर्यंत पाण्यात बसून राहिला.

एवढं झालं, तरी माळावर काहीतरी किणकिणत होतं. बायांच्या हातातल्या बांगड्या.

कुणी म्हातारा दबक्या आवाजात म्हणाला, "उतरवा ना वो." आणि म्हणाल्यावर त्याचं त्यालाच कळलं की आपण काय बोललो. ज्यांचे नवरे खाली होते, त्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. चुडा उतरवायचा म्हणजे काय, हे कुणी कुणाला सांगायला हवं होतं? एकीनं हात पोटाशी घट्ट धरले. दुसरी मागे सरकू लागली.

तेव्हा कौतिकानं आपल्या लुगड्याचा काठ दातात धरला आणि टर्रकन फाडला. ती चिंधी तिनं मनगटावर बांधली, बांगड्यांवरून, घट्ट. बांगड्या जागच्या जागी राहिल्या आणि मुक्याही झाल्या. तिनं दुसरी चिंधी फाडून शेजारणीच्या हाताला बांधली. मग साऱ्या माळावर लुगडी फाटण्याचा आवाज झाला, आणि तो त्या दिवसाचा शेवटचा आवाज. त्या दुपारी माळावर एकही धड लुगडं उरलं नाही, असं म्हणतात. लग्नातून आलेल्या नवरीनं आपला शालू फाडला.

पंप बंद झाला.

असं म्हणतात, की पळसाची फुलं देठापासून सुटली आणि पडायला भिऊन हवेतच राहिली. तान्ही लेकरं आयांच्या छातीशी दूध प्यायची थांबली आणि कान देऊ लागली. ग्रामसभेत जे लोक एकमेकांना एक वाक्य पुरं बोलू देत नाहीत, ते हजारो लोक, साऱ्या जातीचे, साऱ्या देवांचे, एकाच श्वासावर उभे राहिले.

साहेबांनी पश्चिमेच्या पहारीला कान लावला. काही नाही. ते पूर्वेच्या पहारीकडे गेले, गुडघ्यांवर बसले, कान टेकवला. पंपाजवळचा माणूस हातवारे करून सांगत होता, पाणी चढतंय, पाणी चढतंय. साहेबांनी त्याला हातानंच थांबवलं.

मग त्यांचं बोट हललं. कानात येत होतं ते त्यांनी नकळत आपल्या मांडीवर वाजवलं. दोन सावकाश, तीन भराभर, एक थांबून.

माळावरच्या प्रत्येकानं ते बोट पाहिलं. तो ठेका पळसटोल्यातलं शेंबडं पोरही ओळखत होतं. ती दवंडी होती. जमिनीखालून सोमा दवंडी देत होता.

आता जे सांगतो ते खरं मोठं. साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं, कारण नेमकी जागा अजून कळायची होती. आणखी दोन पहारी ठोकून, ऐकून, ताडून पाहायची होती. तोवर कुणी हूं की चूं करायचं नव्हतं. मंडळी, दुःखात गप्प बसणारी माणसं जगात पुष्कळ सापडतील. आनंदात गप्प बसलेला मुलूख एकच. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, जमिनीवर लोळत होते, हसत होते, रडत होते, आणि कशाचाही आवाज नव्हता. आणि जिच्या हाकेनं वाघ मागे फिरायचा, ती आई, जिचा मुलगा पायाखालून बोलत होता, ती तोंडात पदराचा बोळा कोंबून उभी होती. तिच्या ओठांतून रक्त आलं, पण 'सोमा' हा शब्द आला नाही.

पूर्वेच्या बाजूला साहेबांनी खडूनं फुली मारली. पंप सुरू झाला, यंत्र सुरू झालं. दुसऱ्या दिवशी भोक खाली पोचलं आणि आतली कोंडलेली हवा शीळ घालत वर आली. साहेबांनी नळी सोडली आणि मायला पुढे बोलावलं.

"बोला," ते म्हणाले.

सारा माळ वाट पाहत होता, की आता माय असं ओरडेल की नळी फाटेल. माय वाकली आणि कौतिकापेक्षाही हळू आवाजात म्हणाली, "सोम्या, जेवला का रे?"

खालून उत्तर आलं, "तू धाडशीन तवा जेवन ना, आये!"

नळीतून दूध गेलं, गुळाचं पाणी गेलं. पंप उपसत राहिला, पाणी उतरलं, आणि एके दिवशी सगळे जण चानकातून वर आले, एकही न गळता. बाहेर आल्यावर सोमाच्या डोळ्यांवर फडकं बांधलेलं होतं. उजेड सोसत नव्हता. लोक तरीही गप्पच. मायनं सांगितल्याशिवाय कुणी वाजवायला तयार नव्हतं.

सोमा म्हणाला, "आये, वरची धडधड बंद झाली तवा आमच्यातला एक रडाले लागला. म्हणे, गेले सारे. म्या म्हटलं, अबे, माही माय चूप बसली म्हंजे गेली नाई, ऐकून राह्यली. ठोक लवकर, नाई तं ती पुन्हा वाजवन."

मायनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. कौतिकाच्या मनगटावरची चिंधी सोडली. मग वळून साऱ्या मुलखाकडे पाहिलं आणि छाती भरून म्हणाली, "वाजवा!"

तो आवाज नदीपलीकडे गेला, डोंगरापलीकडे गेला. इंद्राच्या दरबारात कुणाचातरी मुकुट हलला, असं म्हणतात. देवी म्हणाली मी वाचवलं, पीर म्हणाला मी, कंपनी म्हणाली पंपानं वाचवलं. पळसटोल्यानं साऱ्यांना मान दिला, नारळ दिला, चादर दिली, आणि वाद घातला नाही.

खाण बंद होऊन आता पिढ्या झाल्या. मोठमोठ्या शहरांत मोठमोठे भोंगे आहेत, मोठमोठी भाषणं आहेत, आणि त्या शहरांना एक घटकाभर एकत्र गप्प राहता येत नाही. पळसटोल्याला येतं. दर फाल्गुनात पळस फुलला की एका दुपारी लोक त्या माळावर जमतात. घंटा गवतानं बुजवतात, सागाच्या पानांवर पाणी शिंपडतात, मोबाइल बंद करतात. बाया बांगड्यांवर जुन्या लुगड्याची चिंधी बांधतात. तिला कौतिकाची चिंधी म्हणतात. गावची लेक सासरी जाताना तिच्या पेटीत साड्यांच्या वर ती ठेवतात. देवळात चिरलेलं डफडं टांगलेलं आहे, आणि त्याला नवं कातडं अजून कुणी चढवलेलं नाही.

त्या गावात कुणी गप्प बसलं तर 'रुसला का?' असं विचारत नाहीत. 'काय ऐकू येते?' असं विचारतात.

पूर्वेची पहार अजून जागेवर उभी आहे. त्या दुपारी सारं गाव श्वास धरून राहतं. मग गावात नुकतीच आलेली सून पुढे होते, दगड उचलते आणि पहारीवर दवंडी देते. दोन सावकाश, तीन भराभर, एक थांबून. आणि गावाच्या टोकावरून, जिथे चिन्नू मडावीचं घर होतं तिथून, त्याच्या पणतवंडांची आरोळी आधी येते, आणि तिच्यामागून साऱ्या पळसटोल्याची:

"ऐकलं!"