फवारणीचा दुपट्टा

“बाबा, याले कोणतं भूत झोंबलं, तेवढं सांगा. उद्या कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारा मारायचा हाय.”

उकंडराव बाजेवर मांडी ठोकून बसले होते. नूरशाह फकीर चिंचेखाली, फाटक्या चटईवर. उकंडरावांचा गडी देवमन मातीत. त्याची बायको निर्गुणा लेकरू पदराखाली धरून उभी. तिचा सगळा जीव नवऱ्याच्या हातांत अडकला होता. हात नुसते थरथरत होते.

“करते काय हा?” फकिरानं विचारलं.

“झोपत नाई. उगाच रडते. परवा तर विहिरीत पाय सोडून बसला होता. दारू पेत असता तर समजलो असतो, बाबा. हा तं चहाही अर्धाच पेते!”

“आन् तू काय म्हनते, बाई?”

निर्गुणा घुटमळली.

“लेकराले घेत नाई, बाबा. म्हनते, माह्या अंगाले वास येते...”

फकिरानं देवमनच्या गळ्यातला दुपट्टा मागून घेतला. फवारताना तोंडाला बांधायचा तोच. औषध पिऊन पिऊन ताठ झालेला.

त्यानं तो पाण्याच्या बादलीत बुडवला. पाणी गढूळलं, उग्र वास सुटला.

चिंचेला उकंडरावांचा छकड्याचा बैल बांधला होता. फकिरानं बादली उचलली आणि बैलापुढं ठेवली. बैलानं मान खाली घातली.

उकंडराव बाजेवरून उडालेच. एका लाथेत बादली उलथी.

“येडे झाले का, बाबा? फवारलेल्या वावराच्या धुऱ्यावरचं गवतही मी याले आठ आठ दिवस खाऊ देत नाई! मुका जीव, त्याले काय समजते?”

फकिरानं मातीत पडलेला दुपट्टा उचलला.

उकंडरावांनी बैलाचं तोंड ओल्या मातीवरून वळवलं. पाठीवरून हात फिरवला, कानाशी काहीतरी पुटपुटले. हात बराच वेळ फिरत राहिला.

देवमन ते बघत होता. निर्गुणाला वाटलं, आता हा रडणार. तो हसला. तिनं लेकरू आणखी घट्ट धरलं.

“मंग भूत काढता का नाई?” उकंडरावांनी घाम पुसत विचारलं.

फकिरानं दुपट्टा पिळला आणि त्यांच्यापुढं धरला. उकंडरावांनी हात मागं घेतला.

“उद्यापासून,” फकीर म्हणाला, “याले बैलाशेजारी बांधत जा.”