कासाराचा न ऐकणारा हात

एका गावात एक कासार होता आणि त्याला एक फार गुणी उजवा हात होता. काचेची बांगडी तो अशी भरायचा, की बाईला कळायच्या आत ती मनगटावर.

एका सकाळी कासार उठला. हात उठला नाही.

"ऊठ की," कासार म्हणाला. हात पडूनच.

गाव जमलं. पाटील हाताच्या कानाशी गेले (हाताला कान कुठला, पण गेले) आणि ओरडले, "ए, उठतोस की नाही?" एका म्हातारीने हाताची दृष्ट काढली. शेजारीण म्हणाली, "लाडावलाय. अंगठी काढून घ्या, येईल वठणीवर."

कासाराला रडू फुटलं. "आता बांगड्या कोण भरणार? मी कासार तरी उरलो का?"

शेवटी वैद्यबुवा आले. "ओरडू नका रे. वारं गेलंय हातावरून. हुकूम मेंदू देतो, नसा तो हातापर्यंत नेतात. याच्या मेंदूतली ती वाटच बंद पडलीय. रोज तेच काम करून घेतलं, तर मेंदू हळूहळू दुसरी वाट काढेल. नाहीतर हात गळ्यात बांधा आणि विसरा."

"बांध," कासार बायकोला म्हणाला. "नको मला तो."

बायकोने फडकं आणलं. त्या फडक्याने तिने ओटा पुसला, ती कासारासमोर बसली आणि आपलं मनगट त्याच्या उजव्या हातात ठेवलं. "भरा."

बांगडी पिचली. दुसऱ्या दिवशीही पिचली. बायको त्याची बोटं आपल्या बोटांनी मिटवायची, पुढे सरकवायची, आणि हाताला म्हणायची, "दमलास रे. राहू दे आता."

"माझ्याशी कधी इतकं गोड बोलली नाहीस," कासार कुरकुरला.

"तुम्हाला ओरडलेलं पोचतं. त्याला नाही."

पावसाळा गेला, थंडी आली. एकदा शेजारीण गप्पा मारायला आली आणि बशीतली सगळी भजी संपवत आणली. शेवटच्या भज्याकडे तिचा हात गेला, तेवढ्यात कासाराच्या उजव्या हाताने ते उचललं.

 कासार स्वतःच हाताकडे बघत राहिला. हात निघाला, वाट चुकला, बायकोच्या नाकाला चटणी लावून आला, आणि मग त्याने भजं तिच्या तोंडाशी नेलं. तिने ते रडत रडत खाल्लं.

"ते माझं होतं," शेजारीण म्हणाली.

बायकोने नाक न पुसताच मनगट पुढे केलं. कासाराने बांगडी घेतली. अडखळत, थांबत, सरकवत ती चढवली.

पिचली नाही.

तात्पर्य: ऐकत नाही म्हणून ओरडण्याआधी, आपली हाक पोचते का ते बघावं. पोचत नसेल, तर रोज थोडा वेळ जवळ बसावं.