रिकामी फट

“...आणि तरीही निरोप का पोचत नाही, सर?”

डॉक्टर गद्रे हे विमलानंद महाराजांना विचारत होते. संन्यास घेण्यापूर्वी महाराज मेडिकल कॉलेजात मज्जासंस्था शिकवीत, आणि गद्रे त्यांचे हुशार, जरा शेफारलेले विद्यार्थी. आता ते स्वतःच मेंदूचे बडे डॉक्टर. महाराज मात्र इतके कमी बोलत, की मठातला पोपट नुसती मान हलवायला शिकला होता म्हणतात. पोपट मी पाहिलेला नाही. मान हलताना पाहिली आहे.

गद्रेंचं दुखणं घरातलं होतं. मुलीचं, शाल्मलीचं, पहिलं नाटक. प्रयोग संपल्यावर हे चारचौघांत म्हणाले, “आवाज पोचला, अर्थ नाही.” तेव्हापासून शाल्मली बोलेनाशी झाली. यांनी फोनवर माफी मागितली. मग रोज मागितली. सकाळी, दुपारी, वर सुविचारासकट.

उत्तर नाही.

“तोंडी परीक्षा,” महाराज म्हणाले. “दोन चेतापेशींत निरोप कसा जातो?”

गद्रेंनी घडाघडा सांगितलं. वीज पेशीच्या शेपटीपर्यंत धावते. पुढे फट असते, तिथे विजेचं काही चालत नाही. मग टोकाशी इवल्या पिशव्या फुटतात, त्यातलं रसायन फट ओलांडतं आणि पलीकडच्या कुलपात किल्लीसारखं बसतं.

“पुढे?”

“पुढे... झालं.”

“नापास.”

गद्रे हसले. महाराज हसले नाहीत.

“मूठ मिट.”

मिटली. महाराजांनी ती दोन्ही हातांनी गच्च धरली.

“आता उघड.”

“कशी उघडू? तुम्ही सोडाल तर...”

गद्रेंनी आपल्या मुठीकडे पाहिलं.

“रसायन फटीतून झाडून काढावं लागतं,” ते हळूच म्हणाले. “नाहीतर पलीकडे स्नायू असेल तर तो आखडलेलाच राहतो. नवा निरोप त्याला कळतच नाही.”

महाराजांनी मूठ सोडली आणि हात पुढे केला. गद्रेंनी मुकाट्याने फोन दिला. तो तांदळाच्या डब्यात गेला.

त्या दिवशी गद्रे डब्याभोवती घिरट्या घालत राहिले. दुसऱ्या दिवशीही. मग अंगणातली पानं झाडायला लागले आणि चक्क विसरले.

एका दुपारी डबा वाजला. बॅटरी कशी टिकली, ते मला विचारू नका. त्या मठातला तांदूळसुद्धा न रटरटता शिजतो.

गद्रेंनी दाणे झटकून वाचलं.

‘बाबा, इतके दिवस माफी नाही. बरे आहात ना? रविवारी प्रयोग आहे. या. पण पहिल्या रांगेत बसू नका.’

गद्रेंनी पुन्हा वाचलं. डोळे पुसले, नाक पुसलं, मग एकटेच खो खो हसले. आणि लगेच अंगठे सरसावले.

“सर, सविस्तर लिहितो. आधी माफी, मग त्या वाक्यामागची माझी भूमिका...”

महाराजांनी काठीने गद्रेंच्या चपला त्यांच्या पुढ्यात सरकवल्या.

“गद्रे, आता निरोप घे.”